मतासाठी मत

(वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



मास्तरांच्या नावाच्या व्याख्यानाला उभं राहताना मला जरा धाकधूक वाटते आहे. ते पहिल्या रांगेत बसत तेव्हा भलेभले वक्ते चाचपडत. भाषण संपलं, आभार झाले, चहा आला, की मास्तर वक्त्याजवळ जात आणि अगदी मऊ आवाजात विचारत, "मागे आपण याच्या उलट म्हणाला होतात. बदल मनातून झाला की खिशातून?" आज ते असते तर त्यांनी मलाही सोडलं नसतं. तालुका वार्ताहर म्हणून मी लिहिलेल्या बातम्यांत कितीजणांनी आपला शब्द फिरवला आणि मी त्याला किती वेळा 'राजकीय चातुर्य' म्हटलं, हे त्यांना पाठ होतं.

त्यांची एक चोपडी होती. वाण्याच्या दुकानात उधारीची असते तशी, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. निवडणूक आली की गावात वाटलेलं प्रत्येक पत्रक ते कणकेच्या खळीने डाव्या पानावर चिकटवत आणि उजवं पान कोरं ठेवत. जुन्या वहीखात्याची रीत इथल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे: डावीकडे जमा, उजवीकडे नावे. पुढाऱ्याचा शब्द डावीकडे जमा व्हायचा. त्याचं पुढे काय झालं ते उजवीकडे, तारीख घालून, एका ओळीत. टीका नाही, शेरा नाही. मी एकदा म्हटलं, "मास्तर, यावर एखादा लेख लिहा." ते म्हणाले, "लेख तू लिही. मी फक्त खतावणी करतो."

आजचा विषय त्या चोपडीतूनच निघाला आहे. मतं मिळवण्यासाठी पुढारी भूमिका बदलतात, त्याचं काय करायचं?

आपल्या भाषेने इथे एक गंमत करून ठेवली आहे. मनात असतं तेही मत आणि यंत्राचं बटण दाबून देतो तेही मत. पुढारी त्याचं मत आपल्याला सांगतो आणि आपलं मत घेऊन जातो, व्यवहार एवढाच. अडचण अशी की आपण दिलेलं मत पाच वर्षं परत मागता येत नाही, आणि त्याने दिलेलं मत तो दुसऱ्या दिवशीही परत घेऊ शकतो. या एकाच बाजारात एका बाजूचा माल परतीचा आहे आणि दुसऱ्या बाजूचा नाही. आपली सगळी चिडचीड तिथून सुरू होते.

ती चिडचीड व्यक्त करायला शब्दही भरपूर आहेत. घूमजाव हा कवायतीच्या मैदानावरचा शब्द. हुकूम आला की टाचेवर वळायचं, का ते विचारायचं नाही. कोलांटउडी तालमीतली. ती मारणारा फिरून दोन पायांवरच उभा राहतो आणि बघणारे टाळ्या देतात. शिवाय पलटी आहे, टोपी फिरवणं आहे, सरडा तर बिचारा उगाच बदनाम आहे. पण याच गोष्टीसाठी एक भारदस्त शब्दही आपण राखून ठेवला आहे: मतपरिवर्तन. आपल्या माणसाने केलं की मतपरिवर्तन, समोरच्याने केलं की घूमजाव. कट्ट्यावरच्या निम्म्या भांडणांचं मूळ या दोन शब्दांच्या वाटपात असतं.

भूमिका बदलणं हा मुळात गुन्हा आहे का? गांधीजींनी १९३३ साली 'हरिजन'मध्ये स्वतःबद्दल लिहून ठेवलं होतं की माझ्या दोन लिखाणांत विसंगती दिसली तर नंतरचं खरं धरा. शिकणारा माणूस बदलणारच. उलट, न बदलणाऱ्यांचं आपल्याला फार कौतुक. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली तरी ते हटले नाहीत, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्यांचं मोठेपण निर्विवाद आहे. पण आगरकर कुठल्या मतदारसंघातून उभे नव्हते. सुधारकाला लोकांच्या पुढे चालता येतं. निवडून येणाऱ्याला लोकांबरोबर चालावं लागतं, आणि कधी कधी लोकांनी मागून ढकलावं लागतं. हे ढकलणं वाईट असतं असं कुणाला वाटत असेल, तर त्याने आपल्या राज्याचा जन्म आठवावा.

१ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य आलं. मुंबईसह मराठी भाषकांचं वेगळं राज्य द्यायला काँग्रेसच्या श्रेष्ठींचा नकार होता. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांतून निवड करायची तर मला नेहरू मोठे, असं यशवंतराव चव्हाण जाहीरपणे म्हणाले होते आणि त्यासाठी त्यांनी महाराष्ट्राचा रोष पत्करला होता. मग १९५७ ची निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत काँग्रेसची दाणादाण उडवली. विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातने हात दिला म्हणून सरकार टिकलं. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा वाटेत निदर्शकांची रांग उभी होती. पुढच्या दोन वर्षांत दिल्लीचं मत फिरलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याचा मंगल कलश यशवंतरावांनीच आणला.

हे घूमजाव म्हणायचं की मतपरिवर्तन? तत्त्व पटलं म्हणून बदल झाला असं मला वाटत नाही. पुढची निवडणूक दिसत होती म्हणून झाला. मतांसाठीच झाला. आणि तरी महाराष्ट्रात त्याबद्दल कुणी नाक मुरडत नाही, कारण मत मोजण्याचा हेतूच तो आहे. चळवळीतल्या हुतात्म्यांच्या रक्ताने जे हललं नव्हतं ते मतपेटीने हलवलं. मतांसाठी पुढारी बदलतच नसते, तर आपण मतदान कशासाठी करतो?

तेव्हा 'मतांसाठी बदलले' एवढ्यावर कुणाला दोषी धरता येणार नाही. पाहायचं ते दुसरंच काही. काय, ते सांगण्याआधी आणखी एक जुनी नोंद.

हिंदू कोड बिल. स्त्रीला घटस्फोटाचा आणि वारसाहक्काचा अधिकार देणारा हा कायदा पुढे ढकलला जातो आहे, हे पाहून बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती आणि पक्षातल्या सनातनी मंडळींना दुखवायला नेहरू तयार नव्हते. ही माघारच होती. बाबासाहेबांनी ती माघार मानली आणि किंमत मोजली. उत्तर मुंबईत ते पडले, १९५४ च्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पडले. पण नेहरूंच्या बाजूचं पानही पाहिलं पाहिजे. फुलपूरमध्ये त्यांच्याविरुद्ध प्रभुदत्त ब्रह्मचारी नावाचे साधू उभे होते, तेही हिंदू कोड बिलाला विरोध या एकाच मुद्द्यावर. म्हणजे मतदाराला प्रश्न माहीत होता. नेहरू निवडून आले आणि १९५५–५६ मध्ये तोच कायदा चार तुकड्यांत मंजूर झाला. मतांसाठी थांबले, पण मत मिळाल्यावर पाठ फिरवली नाही. मास्तरांच्या भाषेत, नोंद उशिरा झाली, पण खातं मिटलं.

आता आपल्या दारातली गोष्ट.

चिपळूणहून गुहागरला जाताना अंजनवेलच्या बाजूला उंच धुरांडी दिसतात. जगभर हा वीजप्रकल्प 'दाभोळ' म्हणून गाजला. दाभोळ तिथे नाहीच. दाभोळ वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प अलीकडे, अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या जमिनीवर. पण कागदावर दाभोळ पडलं ते पडलं. पुढे त्या कागदावर जे जे लिहिलं गेलं, त्याची सुरुवात अशी नावापासूनच घसरलेली.

जून १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एनरॉन कंपनीने महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार केला. जागतिक बँकेने १९९३ मध्येच या प्रकल्पाला पैसे द्यायचं नाकारलं. प्रकल्प फार मोठा आहे आणि वीज महाग पडेल, असं त्यांचं म्हणणं. तरी डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. राज्यात शरद पवारांचं काँग्रेस सरकार होतं. निविदा मागवल्या नव्हत्या. कराराचा तपशील लोकांपुढे नव्हता. वीज घेवो न घेवो, मंडळाने ठरावीक रक्कम कंपनीला मोजायची, अशी त्याची घडण होती, आणि ती रक्कम डॉलरशी बांधलेली होती. वेलदूरच्या कोळ्यांना हे काही कळत नव्हतं. त्यांचा प्रश्न साधा होता: गरम पाणी खाडीत सोडलं तर मासा राहील का?

१९९५ ची विधानसभा निवडणूक याच मुद्द्यावर तापली. शिवसेना-भाजप युतीच्या सभांमधून एनरॉन अरबी समुद्रात बुडवायची भाषा सुरू होती. गुहागरातल्या अशाच एका संध्याकाळच्या सभेला मी वार्तांकनाला होतो. वक्त्याने माइक डाव्या हातात घेतला आणि उजवा हात समुद्राकडे केला. एवढंच. पुढचं वाक्य लोकांनीच पुरं केलं. मी परत येताना एसटीत बसून मथळा ठरवला आणि खरं सांगतो, त्या रात्री माझ्याही अंगावर काटा होता.

युती जिंकली. मार्चमध्ये मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री. मुंड्यांच्या अध्यक्षतेखाली मंत्र्यांची समिती बसली, तिने करारातले दोष काढले आणि ३ ऑगस्ट १९९५ ला जोशींनी विधानसभेत प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. मास्तरांच्या चोपडीत उजव्या पानावर त्या तारखेची नोंद होती: शब्द पाळला. कधी नव्हे ते त्यांनी खाली रेघ मारली होती. सरकार एवढ्यावर थांबलं नाही. हा करारच फसवणुकीने झाला आहे, म्हणून तो रद्दबातल ठरवावा, असा दावा त्याने मुंबई उच्च न्यायालयात लावला.

मग नोव्हेंबर उजाडला. एनरॉनच्या रेबेका मार्क मुंबईत येऊन बाळासाहेब ठाकऱ्यांना भेटल्या. फेरवाटाघाटींसाठी एक गट नेमला गेला. त्या गटाने काही दिवसांत आपलं काम संपवलं आणि ८ जानेवारी १९९६ ला सरकारने नवा करार मान्य केला. दर कमी झाला, हे खरं. पण प्रकल्प लहान झाला नाही, मोठा झाला: २,०१५ मेगावॉटचा २,१८४ मेगावॉट. पहिल्या करारात दुसरा टप्पा घ्यायचा की नाही हे राज्याच्या हातात होतं. नव्या करारात दोन्ही टप्पे बंधनकारक झाले. जे समुद्रात बुडवायचं होतं ते किनाऱ्यावर दुप्पट घट्ट रोवलं गेलं. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रात वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार आलं आणि विश्वासदर्शक ठरावाची चर्चा चालू असताना, २७ मे १९९६ ला, त्या सरकारच्या मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला प्रतिहमी, म्हणजे राज्याने थकवलं तर केंद्र भरेल अशी हमी, मंजूर केली. दुसऱ्या दिवशी सरकार गेलं. हमी राहिली.

सरकारपक्षाचीही बाजू ऐकायला हवी. लंडनमध्ये लवाद सुरू झाला होता, हरलो असतो तर शेकडो कोटींची भरपाई द्यावी लागली असती, परदेशी गुंतवणूकदार बिचकले असते. ही कारणं पोकळ नव्हती. मी त्या खुर्चीत असतो तर कदाचित मीही तडजोड केली असती. माझी तक्रार तडजोडीबद्दल नाही. ज्या माणसाने गुहागरात समुद्राकडे हात केला होता, तो हे सांगायला परत गुहागरात आलाच नाही. "बाबांनो, तेव्हा मला पूर्ण माहिती नव्हती, आता आकडे पाहिले, अमुक मिळवलं, तमुक सोडलं," असं सांगायला कुणी आलं नाही. कोर्टात ज्याला फसवणूक म्हटलं त्याच कंपनीशी नवा करार कसा होतो, हे मतदाराने विचारायचं कुणाला? डिसेंबर १९९६ मध्ये या कराराविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्या. पण फेटाळताना न्यायालयाने सुनावलं की राजकीय सोय लोकहितापेक्षा वरचढ ठरते आणि आपली कृती योग्य ठरवण्यासाठी सरकार कोर्टापुढेही कुठवर जाऊ शकतं, हे या प्रकरणाने दाखवून दिलं. निकाल सरकारच्या बाजूने लागला. निकालपत्र मात्र नेऊन मिरवावं असं नव्हतं.

पुढचं थोडक्यात. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. वीज मंडळाला ती वीज परवडेना. २००० च्या अखेरीपासून बिलं थकली, २००१ मध्ये कंपनीने केंद्राच्या प्रतिहमीवर बोट ठेवलं. आता राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादीचं सरकार होतं, म्हणजे ज्यांनी मूळ करार केला त्यांचेच वारस, आणि आता हा करार महाराष्ट्राला बुडवणारा आहे हे सांगायची पाळी त्यांची होती. माधव गोडबोले यांच्या समितीने कारभाराच्या नाकर्तेपणावर कडक ताशेरे ओढले. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. डिसेंबरमध्ये तिकडे अमेरिकेत एनरॉनच दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी तो सांगाडा हाती घेतला. म्हणजे एका प्रकल्पाबाबत दोन्ही बाजूंनी दोन्ही भूमिका घेऊन झाल्या. बदलला नाही तो फक्त वेलदूरच्या कोळ्यांचा प्रश्न.

संयुक्त महाराष्ट्र आणि एनरॉन शेजारी ठेवून पाहा. १९५७ मध्ये आधी मतदान झालं आणि मग पुढारी मतदाराच्या दिशेने सरकला. १९९५–९६ मध्ये आधी मत घेतलं गेलं आणि मग पुढारी मतदाराच्या उलट दिशेला गेला, बंद खोलीतून. दोन्ही वेळा भूमिका बदलली. एकदा मत कामी आलं, एकदा मत वापरलं गेलं.

वीज हा विषय काही महाराष्ट्राला सोडत नाही. २००४ च्या मे महिन्यात आंध्रात राजशेखर रेड्डी मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी पहिली सही शेतकऱ्यांच्या मोफत विजेच्या फायलीवर केली. शेजारी तामिळनाडूत जयललितांनी शेतीपंपांची मोफत वीज बंद केली होती. लोकसभेला त्यांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही, तेव्हा त्यांनी ती पुन्हा सुरू केली. हा धडा मुंबईत वाचला गेला. शिवसेना आधीपासून मोफत विजेचं आश्वासन देत होती. सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असलेल्या सरकारने निवडणुकीआधीच ती देऊन टाकली. काल जे परवडत नव्हतं ते आज परवडू लागलं. ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली, काँग्रेस-राष्ट्रवादीची सत्ता टिकली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि २००५ मध्ये मोफत वीज बंद झाली. गरज सरो, वैद्य मरो.

त्या काळात मी घाटावर माझ्या मावसभावाकडे गेलो होतो. रात्री दीडला त्याने मला उठवलं. थ्री फेज आली होती. आम्ही बॅटरी घेऊन विहिरीवर गेलो, त्याने स्टार्टर दाबला, मोटरने एकदा घरघर केली आणि थांबली. डीपीचा फ्यूज उडाला होता. पुढचे दोन तास तो बांधावर बसून होता. मी म्हटलं, "वीज फुकट आहे ना तुम्हाला?" तो म्हणाला, "हो दादा. नसलेली वीज फुकट आहे." मग जरा वेळाने म्हणाला, "बिल घ्या, पण दिवसा द्या, असं एकानेही विचारलं नाही आम्हाला." पुढच्या वर्षी बिल परत आलं. वीज रात्रीचीच राहिली.

ही तिसरी जात. भूमिका मतदारासाठीही नाही, मतदाराविरुद्धही नाही, मतदानापुरती. लग्नात भाड्याने आणलेल्या फेट्यासारखी. २०२४ च्या जूनमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना पुन्हा मोफत वीज जाहीर झाली, पाच वर्षांसाठी. वीस वर्षांनी आपण त्याच पानावर आलो. या वेळी उजव्या पानावर काय लिहिलं जातं ते पाहायचं आहे.

सगळेच असे असतात का? नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला. शरद पवार मुख्यमंत्री होते. मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या आणि ठराव गुंडाळला गेला. तब्बल सोळा वर्षं. १४ जानेवारी १९९४ ला, पुन्हा पवारच मुख्यमंत्री असताना, नामविस्तार झाला. 'नामांतर'ऐवजी 'नामविस्तार' ही तडजोड होती, आणि सोळा वर्षं हा फार मोठा उशीर होता. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण पुढच्याच वर्षी निवडणूक होती, आणि या निर्णयाची किंमत मराठवाड्यात मोजावी लागेल हे राजकारणातल्या पोरालाही दिसत होतं. १९९५ मध्ये तिथे युतीने मुसंडी मारली. तरी नाव मागे घेतलं गेलं नाही. ज्या पवार सरकारवर मी मघाशी एनरॉनच्या मूळ करारावरून बोललो, त्याच सरकारचं हे दुसरं पान आहे. माणूस सगळीकडे सारखा नसतो. म्हणून खातं माणसाचं न ठेवता शब्दाचं ठेवावं.

अलीकडची उदाहरणं तुम्हीच मला सांगाल. वस्तू आणि सेवा कर काँग्रेस सरकारने २०११ मध्ये मांडला तेव्हा भाजपच्या राज्यांनी विरोध केला. तोच कर भाजपने १ जुलै २०१७ ला मध्यरात्री समारंभाने आणला आणि त्या समारंभावर काँग्रेसने बहिष्कार घातला. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी रेवड्या वाटण्याच्या राजकारणाविरुद्ध इशारा दिला. दोन वर्षांनी महाराष्ट्रात त्यांच्याच आघाडीने लाडक्या बहिणींना दरमहा १,५०० रुपये सुरू केले. विरोधकांनी आधी तिजोरीची काळजी केली. मग प्रचारात सत्ताधाऱ्यांनी २,१०० म्हटलं आणि विरोधकांनी ३,००० चा आकडा जाहीर केला. तत्त्वाची चर्चा लिलावात कधी बदलली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. बाईच्या हातात पैसा पडणं मला चांगलं वाटतं. घरात तिचा आवाज त्याने वाढतो हे मी शेजारीपाजारी पाहिलं आहे. पण ते जर चांगलं होतं, तर २०२२ मध्ये रेवडी का होतं? आणि रेवडी होतं, तर दुप्पट का कबूल केलं? एवढं उत्तर मागायचा हक्क त्या बहिणीलाही आहे.

इथे मास्तर मला थांबवतील. म्हणतील, "पुढाऱ्यांचं झालं. आता तुझं सांग." खरं आहे. आपणही कमी नाही. वीज बिल माफ करा म्हणणारेही आपण आणि भारनियमनाविरुद्ध मोर्चा काढणारेही आपण. कांद्याची निर्यात बंद झाली की गावाकडचा मी चिडतो आणि बाजारात भाव उतरला की शहरातला मी सुखावतो. पुढारी आपल्या या दोन्ही तोंडांशी बोलतो, म्हणून त्याला दोन जिभा लागतात. शिवाय शब्द फिरवल्याबद्दल आपण किती जणांना पाडलं? पक्ष बदलला, चिन्ह बदललं, काल ज्याला शिव्या दिल्या त्याच्या शेजारी आज खुर्ची मांडली, तरी आपण जात पाहिली, गाव पाहिलं, लग्नाला आला होता ते पाहिलं, आणि मत दिलं. शब्दाला बाजारात भाव नसेल तर तो जपून कोण ठेवेल?

तर मग करायचं काय? कायदा करून हे थांबणार नाही. पक्ष बदलण्याविरुद्ध १९८५ पासून कायदा आहे, त्याचं काय झालं ते महाराष्ट्राने इतक्यातच पाहिलं. मी तीन साधे प्रश्न सुचवतो. ते मास्तरांचेच आहेत, फक्त मी ते मोठ्या आवाजात विचारतो आहे.

पहिला: बदल मत मागण्याआधी सांगितला की मत घेतल्यावर कळला? आधी सांगितलेला बदल हा प्रस्ताव असतो, आपण तो नाकारू शकतो. नंतर कळलेला बदल ही वसुली असते.

दुसरा: कारण सांगितलं का, आणि ते तपासता येईल असं आहे का? 'जनभावनेचा आदर' हे कारण नव्हे. नवा आकडा, नवी अडचण, जुन्या समजुतीतली चूक, ही कारणं असतात. 'माझं चुकलं होतं' हे वाक्य मी इतक्या वर्षांच्या वार्ताहरकीत व्यासपीठावरून दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा सभेने टाळ्या दिल्या. पुढाऱ्यांना वाटतं तेवढे लोक निर्दय नसतात.

तिसरा: बदलाची किंमत कुणी मोजली? भूमिका बदलणाऱ्याने मोजली असेल तर त्या बदलात काहीतरी खरं असण्याचा संभव आहे. सगळी किंमत विहिरीवर रात्री बसलेल्या माणसाने मोजली असेल, तर मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: खिशातून.

हे प्रश्न विचारायला आठवण लागते, आणि पुढाऱ्यांचा सगळा भरवसा आपल्या विसरण्यावर असतो. पाच वर्षं म्हणजे आपल्या स्मरणशक्तीचा मोसम संपण्याइतका काळ. आता भाषणं फोनवर मिळतात, कोण कधी काय बोललं ते शोधून काढायला पाच मिनिटं लागतात. पण ती फीत आपण समोरच्या पक्षाचीच शोधतो. आपल्या पक्षाची शोधायला कुणी बसत नाही. चोपडी एका पक्षाचीच ठेवली तर तिला खातं म्हणत नाहीत, ते पत्रक होतं.

मास्तर गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी ती चोपडी वाचनालयाला दिली. या व्याख्यानासाठी मी ती पुन्हा उघडली. पानं पिवळी पडली आहेत, खळीला कसर लागली आहे. १९९५ चं पान काढलं. डावीकडे समुद्राचं ते पत्रक. उजवीकडे ३ ऑगस्टची नोंद, खाली रेघ. तिच्याखाली ८ जानेवारी १९९६: शब्द फिरला. इतकी वर्षं मला वाटत होतं की पान तिथे संपतं. पण अगदी तळाशी, बारीक अक्षरात, पेन्सिलीने आणखी दोन ओळी होत्या. मास्तरांनी स्वतःला कधी चोपडीत घेतलं नव्हतं, ते फक्त इथे:

'यांना मी मत दिलं होतं, एनरॉनसाठी. जानेवारीनंतर दोनदा गावात आले, दोन्ही वेळा सभेला गेलो. विचारलं नाही.'

चोपडी आता संदर्भ विभागात ठेवली आहे. २००४ नंतरची उजवी पानं बहुतेक कोरी आहेत. पेन ग्रंथपालांकडे मागितलं तर मिळेल.